आकाशातील खेळ आणि जमिनीवरचा हिशेब

१४ जानेवारी २०२४, रविवार. अलिबागच्या बाजारपेठेत किराणा मालाचे जुने दुकान असलेले एक गृहस्थ त्या दिवशी सकाळी लवकरच सहकुटुंब घराबाहेर पडले. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. सोबत पत्नी, मुलगा, सून आणि दहावीत शिकणारी नात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर भारतीय वायुदलाची हवाई प्रात्यक्षिके होती. १२ तारखेपासून तीन दिवस, भर दुपारी. एरवी मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरणे अधिक सोयीचे. परंतु शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे, म्हणजे अटल सेतूचे, उद्घाटन नेमके १२ जानेवारीलाच झाले होते आणि दुसऱ्या दिवसापासून तो वाहतुकीस खुला झाला होता. एका दिवसात दोन नवलाया पाहून होतील, असा मुलाचा बेत. सुनेचे मन मात्र पूर्ण राजी नव्हते. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर आली असताना अख्खा रविवार घालवायचा कशाला, हा तिचा प्रश्न होता. नातीने दोन दिवस आधीच जास्तीचा अभ्यास करून तो प्रश्न निकालात काढला होता.

पेणमार्गे चिर्ल्याला पोहोचून गाडी पुलावर चढली. मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये. आजोबांनी आकडा मनात टिपून ठेवला. रात्री दुकानाच्या रोजमेळाबरोबर घरखर्चही त्याच शिस्तीने लिहिण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय. पुलावर लोक गाड्या थांबवून, कठड्याला टेकून छायाचित्रे काढत होते. पोलीस त्यांना हाकलून थकले होते. सुमारे २२ किलोमीटरच्या त्या पुलावर रायगडचा किनारा मागे सरत गेला आणि समोर मुंबई आली.

मरीन ड्राइव्हवर माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. संक्रांत दुसऱ्या दिवशी होती, म्हणून आजीने तिळाच्या वड्या डब्यात घेतल्या होत्या. शेजारी बसलेल्या अनोळखी कुटुंबालाही त्या वाटून झाल्या. मग आवाज आला. आवाज ऐकून मान वळवावी तोवर विमान पुढे निघून गेलेले असते, हे पहिल्या दोन मिनिटांतच कळते. सुखोईची गर्जना छातीत घुमली, लहान मुले रडू लागली, समुद्रावरच्या घारी सैरावैरा झाल्या. 'आकाशगंगा' पथकाचे सैनिक छत्र्यांसह उतरले. अंगावर मोर रंगवलेली 'सारंग' पथकाची हेलिकॉप्टरे एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी येऊन अलगद बाजूला झाली. आणि शेवटी 'सूर्यकिरण': लाल-पांढऱ्या रंगाची नऊ हॉक विमाने, एकाच अदृश्य दोरीने बांधल्यासारखी. दोन पंखांमध्ये अंतर काही मीटरचे आणि वेग ताशी शेकडो किलोमीटरचा. धुराने आकाशात बदामाचा आकार काढला तेव्हा सबंध किनाऱ्यावर आरोळी उठली. आजोबांनीही टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या.

नात मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती बोटाने विमाने मोजत होती. सूर्यकिरणच्या वैमानिकांविषयी तिने पुष्कळ वाचले होते, आणि त्यातली एक गोष्ट तिच्या मनात घर करून राहिली होती : या पथकातले वैमानिक साधे लढाऊ वैमानिक नसतात, ते उड्डाण-प्रशिक्षक म्हणून पात्र ठरलेले असतात. म्हणजे एका अर्थी मास्तरच. विमाने समुद्राच्या रेषेआड गेल्यावर तिने विचारले, "आजोबा, हे नऊ शिक्षक आज इथे आहेत, मग वर्गावर कोण आहे?"

आजोबांना उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर पुलावर गाडी रेंगाळली तेव्हाही तो प्रश्न त्यांच्या मनात होता. ज्याने उभे आयुष्य गल्ल्यावर बसून काढले, त्याला या प्रश्नाचा रोख लगेच कळतो. दुकानातला सर्वांत हुशार माणूस दिवाळीत दर्शनी भागात उभा केला की मागची कोठी कोण सांभाळणार, याची विवंचना त्याला दरवर्षी पडलेली असते.

सूर्यकिरणचा इतिहास पाहिला तर नातीचा प्रश्न तिच्या जन्माआधीपासून वायुदलाला छळत आला आहे, असे दिसते. वायुदलाने १९८२ मध्ये आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हंटर विमानांचे 'थंडरबोल्ट्स' हे नऊ विमानांचे पथक उभारले होते. हंटर थकली आणि त्या दशकाच्या अखेरीस पथकही संपले. पुढे १९९६ मध्ये बीदरच्या तळावर सूर्यकिरणची स्थापना झाली. बीदर कर्नाटकात असले तरी उदगीर-लातूरकरांच्या दृष्टीने ते अंगणातलेच. पथकाला विमाने मिळाली ती हिंदुस्थान एरोनॉटिक्सची 'किरण मार्क-२'. मुळात ती नवोदित वैमानिकांना शिकवण्यासाठी बांधलेली. त्यांना झळझळीत रंग दिला, धुराची सोय केली आणि त्यांच्यावर देशभर शेकडो कार्यक्रम केले.

नंतर जुलै २००९ अखेर एक अपघात झाला आणि 'एचपीटी-३२ दीपक' ही अगदी पहिल्या पायरीची प्रशिक्षण विमाने कायमची जमिनीवर उतरवावी लागली. अ, आ, इ शिकवायची पाटीच काढून घेतल्यासारखे झाले. मग पहिल्या पायरीचे धडेही किरण विमानांवर देणे भाग पडले. किरणवर जे पुढचे शिक्षण चालत असे त्यालाही किरणच हवी. विमाने तेवढीच आणि विद्यार्थी रांगेत. हिशेब जुळवायचा तर कोठून तरी विमाने आणायला हवी होती. ती आणली गेली सूर्यकिरणकडून. फेब्रुवारी २०११ मध्ये बेंगळुरूच्या 'एरो इंडिया'त शेवटचे उड्डाण करून पथक स्थगित झाले आणि त्याची विमाने शिकवणीच्या कामाला परत गेली. दर्शनी भागातला माणूस कोठीत परतला. वायुदलाच्या गेल्या काही दशकांतील निर्णयांत हा फार समंजस आणि फार दुःखद निर्णय म्हणावा लागेल. टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना तेव्हा त्याची चुटपुट लागली, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

पहिल्या पायरीसाठी स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने २०१३ मध्ये आली. त्यानंतर २०१५ मध्ये सूर्यकिरण पुन्हा उडू लागले, या वेळी ब्रिटिश बनावटीच्या हॉक विमानांवर. आरंभ लहान तुकडीने झाला. नऊचा पूर्ण संच जमायला पुढे आणखी काळ लागला. परंतु हॉक हेही प्रशिक्षण विमानच आहे. लढाऊ वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांचे शेवटच्या टप्प्यातील शिक्षण त्यावर होते, आणि तेही बीदरलाच. म्हणजे खेळ आणि शाळा आजही एकाच छपराखाली, एकाच धावपट्टीवर आहेत. आकाशात उडालेले हॉक त्या तासापुरते वर्गातून उठलेले असते.

पथकात वैमानिक साधारण तीन वर्षे राहतो. नवा आला की त्याला आधी दोन विमानांत, मग तीन-चारांत, मग सहांत असे वाढवत नेऊन नऊमध्ये बसवावे लागते. त्यात कित्येक महिने जातात. एखादा जुना वैमानिक बदलून गेला की अख्खी माळ पुन्हा ओवायची. शिवाय प्रेक्षकांना दिसत नाहीत अशी माणसे पुष्कळ असतात. कार्यक्रमाच्या गावी सुटे भाग, इंधनाची व्यवस्था, धुरासाठी लागणारे तेल आणि तंत्रज्ञांचा ताफा विमानांआधी पोहोचलेला असावा लागतो. हवामानाचा अंदाज घेणारा, पक्ष्यांवर नजर ठेवणारा, जमिनीवरून नेत्याशी बोलणारा, निवेदन करणारा, असे प्रत्येकाचे काम नेमलेले असते. त्यात पूर्वी वायुदल दिनाचा सोहळा दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ठरल्यासारखा होत असे. २०२२ पासून तो फिरता झाला : चंडीगड, मग प्रयागराज, मग चेन्नई. लोकांच्या दारी आकाश न्यावे हा हेतू उत्तमच. मात्र दर वर्षी नवे गाव म्हणजे दर वर्षी नवी मांडामांड, नवी तालीम, नव्या परवानग्या. आणि हे सारे करणारी माणसे तीच.

माणसांचा हा तुटवडा केवळ तर्क नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तो कागदावर मांडला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये वायुदलाला ४८६ वैमानिक कमी पडत होते; २०२१ च्या अखेरीस हा आकडा ५९६ झाला. मधल्या काळात दर वर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घेण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात तेवढे कधी घेतले गेले नाहीत. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या माणसाला यातली मेख दिसते. घट भरून काढण्यासाठी योजना आखली गेली, तिच्यासाठी वर्षे दिली गेली, आणि वर्षांच्या शेवटी घट वाढलेली निघाली.

विमानांचेही तसेच. वायुदलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ पासून तब्बल बासष्ट वर्षे ती सेवेत होती. त्या निरोपानंतर तुकड्यांची संख्या २९ वर आली. त्या दिवशीही चंडीगडच्या आकाशात सूर्यकिरणने कसरती केल्या, आकाशगंगाचे सैनिक उतरले, आणि घराघरांत लोकांनी ते दूरचित्रवाणीवर डोळे भरून पाहिले. एका वृद्ध सैनिकाला सन्मानाने निरोप द्यावा हे योग्यच होते. पण त्याच्या जागी कोण येणार, याचे उत्तर मिळायला वेळ लागतो आहे. नाशिकला तेजसच्या सुधारित आवृत्तीची नवी जुळणी सुरू झाली असून तेथून पहिले विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले. मात्र त्याची इंजिने परदेशातून येतात आणि ती वेळेवर आलेली नाहीत.

जमिनीवरच्या हातांचा प्रश्न निराळा आहे. २०२२ पासून अग्निवीर योजनेत तरुण चार वर्षांसाठी सैन्यात येतो आणि त्यांतील जास्तीत जास्त एकचतुर्थांश पुढे कायम होतात. या योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे उगाळण्याचे कारण नाही. विमानाच्या पोटात हात घालून आवाजावरून दोष ओळखणारा तंत्रज्ञ चार वर्षांत तयार होतो की तयार होता होता घरी जातो, एवढे मात्र पाहावे लागेल. दुकानात नोकर तीन वर्षांनी कुठे कामाला येतो, हे कोणताही दुकानदार सांगेल.

ही ओढाताण आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये १९९० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसे होती. आज ती ३० हजारांच्या घरात आहेत. तळांची संख्या घटली आणि तळांवर भरणारे मेळेही आटले. स्कॉटलंडमधील ल्यूकर्स तळावरचा शेवटचा मेळा २०१३ चा, तर वॉडिंग्टनचा २०१४ चा. नंतर तो कायमचाच बंद झाला. त्यांचे प्रसिद्ध 'रेड अॅरोज' पथक २०११ मध्ये दोन वैमानिक गमावल्यावर पुढल्या वर्षी सात विमानांवर उतरले, आणि ज्या जुन्या हॉक विमानांवर ते उडते ती त्या दलात अन्य कामांतून निवृत्तही झाली आहेत. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही २०१३ साली खर्चकपातीमुळे 'ब्लू एंजल्स' आणि 'थंडरबर्ड्स' या दोन्ही पथकांना त्या वर्षाचे उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. पाश्चात्त्य देशांत प्रेक्षकही पूर्वीसारखा उरलेला नाही. ज्या पिढीने महायुद्ध पाहिले, ज्यांच्या घरातला कोणी तरी विमानतळावर कामाला होता, ती पिढी गेली. नव्या पिढीला अशी चित्रे हातातल्या पडद्यावर बसल्या जागी दिसतात.

आपल्याकडे प्रेक्षक आटला, असे कोणी म्हणू धजणार नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुदल दिनानिमित्त प्रात्यक्षिके झाली. जमलेल्यांचा अंदाज पंधरा लाखांच्या आसपास सांगितला गेला. उन्हाची वेळ, सावली नाही, पाणी अपुरे, आणि कार्यक्रम संपताच साऱ्यांची एकाच वेळी परतण्याची घाई. पाच जण दगावले. दोनशेहून अधिक लोकांना उपचार द्यावे लागले. आकाशातल्या एकाही विमानाची काही चूक नव्हती. त्याआधी नऊ महिने मरीन ड्राइव्हवर अलिबागचे ते कुटुंब जानेवारीच्या सौम्य उन्हात बसले होते, एवढाच काय तो फरक. चेन्नईची बातमी वाचून आजींनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि पुन्हा कधी अशा गर्दीत जायचे नाही, असे एकदाच सांगितले.

मग आवड कोठे आटली? पाहण्याची आवड तर आहेच, लाखोंनी आहे. आटली असेल तर पाहून झाल्यावर पुढे काही विचारण्याची. मरीन ड्राइव्हवर त्या दिवशी बहुतेकांनी विमाने मोबाइलच्या चौकटीतून पाहिली. विमान चौकटीबाहेर गेले की हात खाली आणि मान दुसरीकडे. हे वैमानिक कोठून आले, त्यांना शिकवले कोणी, पुढचे नऊ कोठून येणार, हे विचारणारे किती होते? गाणे ऐकायला सभागृह भरते आणि गाणे शिकायला क्लासात दोनच मुले असतात, तसा हा प्रकार आहे.

आणि मोल तर मोजावे लागतेच. मार्च २००६ मध्ये बीदरजवळ सूर्यकिरणचे दोन वैमानिक सरावात गेले. जानेवारी २००९ मध्ये तेथेच आणखी एक. नौदलाचेही एक कसरती पथक होते, 'सागर पवन' नावाचे, गोव्याच्या 'आयएनएस हंसा' तळावर. तेही किरण विमानांचेच. कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागेला नौदलाचे कौतुक अधिक, त्यामुळे या पथकाचा जीव गेला ती तारीख तेथील जुन्या मंडळींना आठवते : ३ मार्च २०१०. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरील प्रदर्शनात त्यातील एक विमान वस्तीवर कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. सागर पवन पुन्हा उभे राहिले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये येलहंका येथे सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळून एक वैमानिक गेला. सारंगची हेलिकॉप्टरे २०२५ च्या आरंभी वेगळ्याच कारणाने थांबली. ५ जानेवारीला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले. त्यानंतर त्या जातीची सर्वच हेलिकॉप्टरे तपासणीसाठी जमिनीवर ठेवली गेली. म्हणून त्या वर्षीच्या 'एरो इंडिया'त मोर दिसला नाही. न दिसण्यामागे कोणाची तरी सावधगिरी होती. अशा न झालेल्या कार्यक्रमाला खरे तर अधिक टाळ्या मिळायला हव्यात.

कोणी म्हणेल, आता ड्रोन आहेत. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट'च्या वेळी एक हजार ड्रोनांनी आकाशात चित्रे रेखाटली. दिसायला सुंदर, खर्च कमी, आणि एखादे पडले तर माणूस जात नाही. हा विचार टाकाऊ नाही. निव्वळ डोळ्यांना सुख द्यायचे असेल तर ड्रोन पुरेत. परंतु ड्रोनचा खेळ पाहून एखादी मुलगी रात्री झोपेत वैमानिक होईल का, याची शंका वाटते. सूर्यकिरणच्या नऊ शिक्षकांना वर्गाबाहेर काढण्याचे समर्थन एकाच गोष्टीने होऊ शकते : त्यांना पाहून आणखी नऊ विद्यार्थी वर्गात आले तर. ते आले की नाही, याचा आकडा कोणत्याही कार्यक्रमानंतर जाहीर होत नाही. गर्दीचा होतो.

मरीन ड्राइव्हनंतर त्या अलिबागकर कुटुंबात काय घडले, ते आता सांगायला हवे. दहावी चांगल्या गुणांनी पार पडली. नातीने भौतिकशास्त्र आणि गणित हट्टाने घेतले. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर वायुदलाचे सी-२९५ विमान उतरले आणि सुखोईने वरून फेरी मारली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यातला, पनवेल-उलव्याचा; म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या मातीला पहिले चाक लागले ते वायुदलाचे, असे तिने जेवताना अभिमानाने सांगितले. वर्षभराने त्या विमानतळाचे उद्घाटन झाले ती तारीख ८ ऑक्टोबर, वायुदल दिन. तेही तिच्याच ध्यानात आले. ३० मे २०२५ रोजी पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुली पहिल्यांदा पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा तिने ते संचलन पुन्हा पुन्हा पाहिले. घरात सर्वांना कळत होते. बोलत कोणी नव्हते.

आजोबा अधूनमधून गिऱ्हाइकांशी बोलताना मरीन ड्राइव्हचे वर्णन करीत. सुखोईचा आवाज तोंडाने काढून दाखवीत. ऐकणारे हसत आणि म्हणत, देशाला अशी पोरे हवीत. तेही मान डोलवीत. गल्ल्याच्या मागे बसून हे म्हणणे किती सोपे असते, हे त्यांना तेव्हा जाणवले नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळले. कसरत करता करता विमान खाली आले, उठले नाही. वैमानिक, विंग कमांडर नमांश स्याल, जागीच गेले. बातमी दुपारी आली आणि तिची चित्रफीत त्याआधीच गावभर फिरली होती. सुनेने ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पाहिली. संध्याकाळी ती सासऱ्यांसमोर येऊन बसली. एरवी ती त्यांच्याशी मोजकेच बोलत असे. त्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला एकदा सांगा. तुमचं ती ऐकेल. आपल्या घरात कोणी कधी गेलं नाही. इंजिनिअर होऊ दे, सीए होऊ दे, काहीही होऊ दे."

आजोबा लगेच बोलले नाहीत. सुनेचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी सैन्यात गेलेले नव्हते, नातेवाइकांतही नव्हते. समाजात देणग्या देणारे हात पुष्कळ आहेत, युद्धाच्या वेळी निधी गोळा करण्यात आपण कधी मागे राहिलेलो नाही, याचा त्यांना सार्थ अभिमान होता. पण देणगी आणि मूल यांत अंतर असते. ते एका आईला कोणी समजावून सांगावे? सांगण्याचा अधिकार तरी कोणाला?

रात्री त्यांनी जुने रोजमेळ काढले. १४ जानेवारी २०२४ चे पान सापडले. टोल, जाता-येता, पेट्रोल, गाडी उभी करण्याचे पैसे, चहा, पाण्याच्या बाटल्या. खाली बेरीज, तिच्याखाली दुहेरी रेघ. प्रात्यक्षिके पाहायला तिकीट नव्हते, म्हणून त्यापुढे त्यांनी तेव्हा 'विनामूल्य' असे लिहून ठेवले होते. त्या शब्दाकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

डिसेंबरात प्रबोधिनीच्या परीक्षेचे अर्ज निघाले. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. नातीने कोणाला न विचारता अर्ज भरायला घेतला नाही, ही तिची समज. एका संध्याकाळी ती संगणक घेऊन दुकानातच आली, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि माहिती एकेक करून मोठ्याने वाचू लागली : वय, शिक्षण, विषय, उंची. आई दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. पुढे आली नाही, आतही गेली नाही. एक गिऱ्हाईक अर्धा किलो साखर मागत उभे होते. आजोबांनी तराजूत पारडे टाकले, ते हलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पुडी बांधली.

मग सवयीने त्यांनी विचारले, "फी किती?"

"शंभर रुपये," नात म्हणाली. पुढची ओळ वाचून ती थोडी थांबली. "मुलींना माफ आहे, आजोबा."

त्यांनी गल्ल्याकडे नेलेला हात मागे घेतला, चष्मा काढून पुसला आणि सुनेकडे पाहिले. ती दाराशीच होती. "खुर्ची आण गं आतून," ते म्हणाले, "तीही बसू दे इथे. नीट वाचून भरू."